टाळूची माती

माझे सासरे घनश्याम चावतात. लग्न जुळवताना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, की शेती धानाची आहे, शेताच्या वरच्या अंगाला स्वतःची बोडी, लहानसं तळं, आहे म्हणजे पाण्याची काळजी नाही, आणि माणसं शांत आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, भांडणात कधी आवाज चढवलेला नाही, शिवी दिलेली नाही, काठी उचललेली नाही. ते सरळ चावतात.

गावात प्रत्येक घराची काही ना काही ताकद असते. कोणाचा साळा पोलिसात असतो, कोणाचा कुत्रा पिसाळल्याची अफवा असते. माझ्या सासरी मामाजींचे समोरचे दात होते. त्यांचे चुलतभाऊ तुलारामकाका यांच्या डाव्या कानाला पाळी नाही, ती याच दातांनी नेली. एकदा शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, उधळलेला बैल अंगावर आला तेव्हा मामाजींनी त्याचीही मान धरली होती. तो बैल पुढे कामाचा राहिला नाही. माणूस दिसला की खाली बसायचा.

हे सगळं धुऱ्यापायी. धुरा म्हणजे दोन बांध्यांच्या, धानाच्या वाफ्यांच्या, मधला मातीचा बांध. उन्हाळ्यात तो दुरुस्त करायचा असतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली शेजारचा माणूस आपल्या बाजूने फावड्याने तो जरासा छिलतो. वर्षाला बोटभर. असं आयुष्यभर केलं तर मरताना धानाची एक जास्तीची ओळ पोरांच्या नावावर ठेवता येते. तुलारामकाकांना ती ओळ ठेवायची होती. ते कानाच्या पाळीवर थांबले होते, कारण आणखी एक कान त्यांच्याकडे शिल्लक होता आणि तो त्यांना आवडत होता.

यंदा मे महिन्यात मी लाखनीचं माझं सीट कव्हरचं दुकान बंद ठेवून रेणूला माहेरी घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी जेवताना मामाजींनी कैरी चावली. कैरी जागेवर राहिली आणि दात हलला. सासूबाई कुंताबाईंनी भाकरी तशीच तव्यावर टाकून आधी दार लावलं. मग बॅटरी आणून नवऱ्याच्या तोंडात पाहिलं. खालच्या समोरच्या दातांची हिरडी इतकी खाली गेली होती की दात मुळांसकट उभे दिसत होते, पूर ओसरल्यावर नदीकाठची झाडं दिसतात तसे. मामींचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं पडलं की ही गोष्ट तुलारामच्या उरलेल्या कानावर गेली तर धुरा गेला. तेव्हा कोणालाही न सांगता जवाईबापूंनी मामाजींना गाडीवर भंडाऱ्याला न्यावं. जवाईबापू म्हणजे मी.

मामीही आल्या. दातांच्या डॉक्टर मेघा तरुण होत्या आणि त्यांना आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांनी आरसा दाखवून समजावलं की तंबाखूचा खर्रा तोंडात धरून आणि मिश्रीसारखा गुडाखू दातांवर रगडून हिरडी झिजली आहे, मुळं उघडी पडली आहेत, अशीच राहिली तर हे दात जातील. उपाय होता. टाळूवरून मांसाची एक पातळ खाप काढायची आणि ती इथे, दातांच्या मुळाशी शिवायची.

मामाजींनी विचारलं, "कोनाच्या टाळूची?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्याच."

मामाजींनी तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने उघडलं ते डॉक्टरांना शेती शिकवायला.

"बाई, आपल्याच बांधीतली माती काढून आपला धुरा कोनी बांधते काय? बांधीत खड्डा पडते. त्यात पानी साचते, रोवना सडते. धुऱ्याले माती शेजाऱ्याच्या बांधीतून घेतेत."

डॉक्टरांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली, कारण यात चूक काही नव्हतं. आमच्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मामाजी पुढे म्हणाले की हिरडी खर्ऱ्याने नाही गेली, काही वर्षांमागे तुलारामने फावड्याचा दांडा तोंडावर मारला होता तेव्हाच ती ढिली झाली. म्हणजे धुरा ज्याने फोडला, माती त्यानेच द्यावी. तुलारामच्या टाळूची खाप काढावी. डॉक्टर म्हणाल्या की त्यांच्याकडे दुसऱ्या माणसाचं मांस लावत नाहीत, ते धरत नाही. मामाजी म्हणाले, भाऊच आहे. डॉक्टर म्हणाल्या, भाऊ असला तरी नाही, आणि शिवाय त्यांची परवानगी लागेल. परवानगी मी आणतो, असं म्हणून मामाजी खुर्चीतून उठलेसुद्धा. मामींनी त्यांना खांदा धरून परत बसवलं आणि सांगितलं की दात पडल्यावर परवानगी आणायला काय घेऊन जाणार आहात.

मामाजी कबूल झाले. फक्त खाप केवढी काढणार ते विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, अंगठ्याच्या नखाएवढी. मामाजींनी आपलं नख पुढून मागून नीट पाहून ठेवलं.

ऑपरेशनच्या वेळी मामींना पाहवलं नसतं म्हणून मी आत थांबलो. सुरुवातीलाच मामाजींनी डॉक्टरांच्या हातातला आरसा सवयीने चावला. त्याची दांडी वाकली. मग डॉक्टरांनी त्यांच्या दाढांमध्ये रबरी ठोकळा बसवला आणि सुई टाळूत घातली. सुरी फिरली. तोंड रक्ताने भरलं, नळीने ते सूं सूं करत ओढलं, पुन्हा भरलं. टाळूवरून काहीतरी गुलाबी, ओलं, सोललेल्या चिंगळीएवढं चिमट्यात आलं. मामाजींनी डोळे वर करून ते पाहिलं आणि त्यांच्या घशातून बोडीतल्या बेडकासारखा आवाज निघाला. डॉक्टरांनी ते दातांच्या मुळाशी ठेवलं आणि शिवायला घेतलं. मी शिलाईच्या धंद्यातला माणूस, टाका कसा पडतो ते पाहायला पुढे वाकलो. टाका फार बारीक होता. त्यापुढचं मला आठवत नाही. उठलो तेव्हा माझ्या डोक्याखाली मामींची पिशवी होती.

निघताना डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, खर्रा बंद, फक्त थंड पेज. खालचा ओठ ओढला जाता कामा नये. लावलेलं मांस अजून रक्त शोधतंय, ते एकदा सुटलं की सुटलं, मग दात वाचवायला आपल्याजवळ काही उरणार नाही. आणि समोरच्या दातांनी काहीही चावायचं नाही.

मामींनी खात्री करून घेतली, "मानूस?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "माणूस तर अजिबात नाही."

गावात मामींनी सांगून टाकलं की यांनी मौन धरलं आहे. लोकांना पटलं. दोन बाया ओट्यावर नारळ ठेवून गेल्या. तुलारामकाकांनी शेतात जायचा रस्ता बदलला, कारण बोलणारा घनश्याम काय करतो ते त्यांना माहीत होतं, मुक्या घनश्यामचा त्यांना अनुभव नव्हता. मामाजी ओट्यावर बसून पेज प्यायचे, अंगठ्याचं नख पाहायचे आणि विचार करायचे. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी लाखनीला परतायची तयारी केली.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मामाजी फावडं आणि घमेलं घेऊन निघून गेले. मामी आणि मी धावत शेतात पोचलो तोवर त्यांनी तुलारामकाकांच्या बांधीत, अगदी मधोमध, चौकोनी खड्डा खणला होता. माती घमेल्याने आणून धुऱ्यावर टाकत होते आणि पायाने दाबत होते. हिशेब मामींनी मला तिथेच उलगडून सांगितला, बायकोला नवऱ्याचं कळतं. त्यांच्या टाळूतून माती गेली ती नखाएवढी. तर तुलारामच्या बांधीतून किती जावी? मामाजींनी धुऱ्यावर उभं राहून, एक डोळा मिटून, अंगठा समोर धरला होता. नखाच्या आड जेवढी जमीन झाकली गेली तेवढी ते खोदत होते. मी धुऱ्यावर उभा राहून अंगठा धरून पाहिला. माप बरोबर होतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून तुलारामकाका आणि त्यांचा मुलगा वीरेंद्र आले. वीरेंद्र वरठीला कारखान्यात कामाला होता, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. हे मामाजींचं नशीब.

काकांनी लांबूनच विचारलं, "घन्या, माह्या बांधीत कायले खोदून राहिला बे?"

मामाजींनी मातीने भरलेलं बोट स्वतःच्या तोंडाकडे नेलं, मग खड्ड्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. काकांनी याचा अर्थ लावला की तुला खाऊन इथे पुरतो. तो अर्थ वाईट नव्हता. ते चार पावलं मागे गेले. तिथेच सगळं मिटलं असतं, पण मामींना नवऱ्याने सोसलेले हाल आठवले आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"तुह्या दांड्यापायी टाळू कापून देल्ली त्यानं. टाके आहेत तोंडात. पेजेवर आहे मानूस. दोन घमेले मातीसाठी काहून मरून राहिला तू?"

काकांनी हे ऐकलं आणि आपल्या उरलेल्या कानाला हात लावला.

"टाके आहेत," ते म्हणाले. "मंग चावता येत नसन."

पुढचं मी सांगतो ते मोहाच्या झाडाखालून पाहिलेलं आहे. कारण वीरेंद्र आधी माझ्याकडे आला. चुलत घराचा असला तरी जावई हा सगळ्या भावकीचा जावई असतो, त्याला धक्का लागणं बरं दिसत नाही. त्याने स्वतःचा दुपट्टा झाडाखाली अंथरला, मला म्हणाला, "जवाईबापू, तुमी सावलीत बसा, ऊन हाय," पाण्याची बाटली दिली, आणि परत जाऊन माझ्या सासऱ्यांच्या बरगडीत लाथ घातली.

मामाजी पडले. काकांनी फावड्याचा दांडा काढून घेतला आणि त्यांच्या पाठीवर, खांद्यावर, मांडीवर मोजून नाही, मनापासून मारायला लागले. मामाजी तोंड घट्ट मिटून होते. हातांनी मारामारी कशी करतात हे ते कधी शिकलेच नव्हते, गरजच पडली नव्हती. ते चापटी मारत होते. मी उठलो की वीरेंद्र येऊन मला नम्रपणे खाली बसवायचा आणि परत जाऊन लाथ घालायचा. मामींनी कमरेचा विळा काढून त्याच्या पोटरीवर ओढला. रक्ताची चिळकांडी भेगाळलेल्या जमिनीवर पडली आणि लगेच जिरली. वीरेंद्र खाली बसून पोटरी धरून आई आई करू लागला. मामींनी विळा त्याच्या गळ्याशी लावला आणि सांगितलं की आता तू पण पाहुण्यासारखा बस.

काका मात्र मामाजींच्या छातीवर बसले होते. त्यांना आता जमीन नको होती.

"आज दातच मोकळे करतो," असं म्हणून त्यांनी मूठ वळली.

पहिली बुक्की मामाजींनी मान फिरवून कानावर घेतली. दुसरी गालावर. गाल फाटला. तिसरी सरळ ओठावर येत होती, खालच्या ओठावर, जिथे ते गुलाबी नखाएवढं मांस आठवडाभर रक्त शोधत बसलं होतं. हात धरायला मामाजींचे हात मोकळे नव्हते, ते काकांच्या गुडघ्यांखाली होते. ओठ वाचवायचा तर बुक्की वाटेत अडवायला हवी, आणि अडवायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. त्यांनी तोंड उघडलं. काकांची मूठ हनुवटीच्या बाजूने निसटली आणि मनगटाच्या वरचा भाग दातांत आला.

काका असे ओरडले की बोडीवरचे बगळे उठले.

एरवी मामाजी धरतात, हलवतात, सोडतात. हे काकांनाही माहीत होतं, म्हणून ते वाट पाहत राहिले. रक्त मामाजींच्या हनुवटीवरून गळ्यात गेलं. सुटका होईना. काका म्हणाले, खोद बाप्पा किती खोदाचं तं, सोड. मामाजींनी सोडलं नाही. मी उठून जवळ गेलो, आता बसवायला कोणी नव्हतं. मामाजींचे डोळे माझ्याकडे पाहत होते आणि त्यांत राग नव्हता, विनंती होती. आठवडाभर पेजेवर पडून असलेला जबडा एकदम एवढा आवळला आणि आखडला. त्यांना सोडता येत नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. परिस्थिती सांगितली. त्यांनी कोणत्या दातांनी धरलंय ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या की ओढू नका. ओढलं तर ओठ ओढला जाईल आणि शिवलेलं सगळं निघेल. मी विचारलं, मग काय करू. त्या म्हणाल्या, "दोघांनाही आणा. जसे आहेत तसे."

काकांच्याच मोटारसायकलवर मी पुढे, मध्ये मामाजी, मागे तुलारामकाका. काकांचा उजवा हात मामाजींच्या खांद्यावरून पुढे येऊन तोंडात गेलेला. मामी विळा घेऊन वीरेंद्रजवळ थांबल्या. निघताना त्यांनी काकांना सांगितलं की यांचे टाके निघाले तर पोरगा परत मिळेल, पण सगळा मिळेल असं नाही.

मोहाडीच्या आठवडी बाजारातून जाताना लोक वळून पाहत होते. लांबून तो हात गळ्यात टाकल्यासारखा दिसायचा. दोन म्हातारे मोठ्याने म्हणाले की भाऊ असावे तर असे. काकांनी डाव्या हाताने त्यांना रामराम केला, कारण घनश्यामने पुन्हा चावलं हे बाजारात कळण्यापेक्षा प्रेम आहे असं कळलेलं परवडलं. प्रत्येक गतिरोधकावर दोघेही ओरडायचे, एक तोंडाने, एक नाकाने.

मोहाडी मागे पडली आणि रस्ता मोकळा झाला. मला आरशात दिसलं की काकांनी डावी मूठ हळूच पुढे आणली आणि मामाजींच्या खालच्या ओठाशी टेकवली.

ते शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, एक ठोसा मारला तं सारे टाके खल्लास. अन् मंग जन्मभर पेज."

मी गाडीचा वेग कमी केला. मामाजी नाकाने श्वास घेत होते, मला तो मानेवर गरम लागत होता. ओठाच्या कडेने त्यांचं रक्त आणि काकांचं रक्त एकत्र होऊन माझ्या शर्टावर ठिबकत होतं. मूठ तिथेच होती. मला जे सुचलं ते बोललो. म्हटलं, काका, मारा, पण मांस तुमचंही त्याच तोंडात आहे, ठोसा लागला की जबडा आणखी मिटेल. काका विचार करत राहिले. वरठी आली. कारखान्याची पाळी सुटली होती, आमच्या दोन्ही बाजूंनी कामगारांच्या गाड्या आणि सायकली चालल्या होत्या. एवढ्या लोकांत ठोसा मारणं काकांना जमेना. त्यांनी मूठ उघडली आणि त्या हाताने मामाजींची हनुवटी खालून धरली, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून.

"दादा," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते मामाजींना दादा म्हणत होते. "दम धर. धुरा मी हातभर मागं घेतो. पोराची शपथ. तू फक्त हलू नको."

मामाजींनी नाकातून हूं केलं. हे हो होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

दवाखान्यात बसलेली माणसं आपण होऊन उठून गेली. डॉक्टरांनी मामाजींच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना सुया टोचल्या आणि गालांवर बोटं फिरवत राहिल्या. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. हळूहळू जबडा सैल पडला, दात मांसातून सुटताना ओलसर आवाज झाला, आणि काकांचा हात बाहेर आला. हाताला आधी पट्टी बांधावी असं माझं मत होतं, पण डॉक्टरांनी हाताकडे पाहिलंच नाही. त्यांनी दिवा ओढला, मामाजींचा ओठ कापसाने अलगद बाजूला केला आणि रक्त पुसत गेल्या. एक टाका तुटला होता. मांस जागेवर होतं. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. ते पांढरं झालं, मग पुन्हा गुलाबी.

"धरलंय," त्या म्हणाल्या. "याला रक्त मिळालंय. दात हलत नाहीयेत."

मामाजींच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. बोलायला बंदी होती म्हणून त्यांनी फक्त मान डोलावली. डॉक्टर त्यांना इतकं बोल बोल बोलल्या की मलाच लाज वाटली. मग त्यांनी काकांचा हात धुतला. दातांच्या खुणा दोन ओळींत उमटल्या होत्या, वरची ओळ नेहमीची, खालची एकसारखी, खोल, अगदी शिलाई मशीनने मारल्यासारखी. काका ती खालची ओळ बराच वेळ पाहत राहिले. वीरेंद्र, विळा, धुरा हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेलं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं.

"मागच्या टायमाले खालचे असे लागले नव्हते," ते म्हणाले.

मग ते मामाजींच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं.

"बाई, माहे बी पाहून घ्या. होते काय असं?"

डॉक्टरांनी दिवा त्यांच्याकडे वळवला. म्हणाल्या की हिरड्या यांच्याही गेल्या आहेत, पण टाळू चांगली जाड आहे, होईल. धरेल.

मामाजींनी हे ऐकलं. ते खुर्चीतून उतरले, डॉक्टरांची बाही धरली आणि जोरजोराने मान हलवली. डॉक्टरांनी त्यांना बाजूला सारलं. तेव्हा त्यांनी टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलला, आतली हत्यारं जमिनीवर सांडली, आणि तो काकांच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. काकांच्या कपाळातून रक्त भुवईवर आलं, पण त्यांनी तोंड मिटलं नाही, कारण आरसा आत होता आणि डॉक्टर अजून पाहत होत्या.

"हलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही, पण दोघेही थांबले. ट्रे मामाजींच्या हातात तसाच वर होता. मग ते वाकले आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून तुलारामकाकांच्या उघड्या तोंडात, कुठला दात किती पक्का होऊ शकेल, ते एकेक करून पाहायला लागले.